पाठ्यपुस्तकापलीकडचे विज्ञान : दिल्ली कॉलेज ते मानखुर्द

आपल्या समाजात विज्ञानाचा विषय निघाला, की व्यासपीठावरचे वक्ते हमखास बगदादला पोहोचतात. अल् ख्वारिझ्मीने बीजगणित दिले, इब्न अल् हैसमने प्रकाशाचा अभ्यास केला, इब्न सीनाचा वैद्यकग्रंथ युरोपात काही शतके शिकवला गेला, अशी यादी वाचली जाते आणि टाळ्या पडतात. यादी खरीच आहे आणि तिचा अभिमान बाळगण्यात गैर काहीच नाही. पण टाळ्या थांबल्यावर समोर बसलेल्या आठवीतल्या मुलाच्या हाती काय उरते? हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांपर्यंत जाण्याचा रस्ता त्याला कोणी दाखवत नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आम्हाला बगदादपेक्षा जवळचा असा एक इतिहास फार मोलाचा वाटतो. तो जेमतेम पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षांचा आहे. क्रमिक पुस्तकाबाहेरचे विज्ञान आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा हा इतिहास. त्यात प्रयोगाचे वर्ग आहेत, विद्यार्थ्यांची मंडळे आहेत, मासिके, संग्रहालये, शिष्यवृत्त्या आणि बालवैज्ञानिकांच्या परिषदा आहेत. उर्दू भाषेचा त्यात मोठा वाटा होता, हे आज उर्दू शाळांतल्या शिक्षकांनाही फारसे ठाऊक नसते. आणि या इतिहासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मुलाच्या भाषेत, मुलाच्या हातात आणि मुलाच्या घरापर्यंत खबर पोहोचेल अशा रीतीने विज्ञान आले, तेव्हाच ते रुजले. या तिन्हींपैकी एक जरी सुटले, तरी संधी कागदावर राहिली.

दिल्लीचा वर्ग

दिल्लीत गाझीउद्दीन यांचा जुना मदरसा होता. १८२५ मध्ये त्याचे दिल्ली कॉलेज झाले. या कॉलेजात इंग्रजी विभाग होता, तसाच अरबी, फारसी, संस्कृत शिकवणारा पौर्वात्य विभागही होता. विशेष असे, की पौर्वात्य विभागातील मुलांना युरोपातील नवे गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकवले जाई. त्यासाठी पुस्तके नव्हती, म्हणून १८४० च्या दशकात प्रिन्सिपल बुत्रोस आणि त्यांच्यानंतर आलेले स्प्रेंगर यांच्या काळात भाषांतराची एक संस्थाच उभी राहिली. कॉलेजचे शिक्षक आणि विद्यार्थी मिळून पुस्तके उर्दूत आणत.

या वर्गाचे उस्ताद होते मास्टर रामचंद्र. १८२१ मध्ये जन्मलेले रामचंद्र लहानपणीच पितृछत्राला पारखे झाले, याच कॉलेजात शिकले आणि १८४४ पासून तिथेच विज्ञान व गणित शिकवू लागले. वर्गात शिकवून ते थांबले नाहीत. १८४५ मध्ये त्यांनी ‘फवायदुन्नाझिरीन’ आणि १८४७ मध्ये ‘मुहिब्बे हिंद’ ही नियतकालिके काढली. शाळेबाहेरच्या वाचकाला सोप्या उर्दूत नवे ज्ञान मिळावे, हा त्यामागचा हेतू. १८५० मध्ये त्यांनी कमाल आणि किमान मूल्यांच्या प्रश्नांवर एक गणिताचे पुस्तक कलकत्त्यात स्वतः छापून घेतले. असे प्रश्न एरवी कलनशास्त्राने सोडवतात. रामचंद्रांनी ते आपल्या परंपरेला परिचित असलेल्या बीजगणिताने सोडवून दाखवले. लंडनचे गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांना हे पुस्तक इतके आवडले, की त्यांच्या प्रयत्नांनी १८५९ मध्ये ते लंडनला पुन्हा छापले गेले.

रामचंद्रांच्या हाताखाली शिकलेले झकाउल्ला पुढे स्वतः गणिताचे शिक्षक झाले आणि त्यांनी उर्दूत गणिताची कितीतरी पुस्तके तयार केली. सी. एफ. अँड्र्यूज यांनी झकाउल्लांचे चरित्र लिहिले आहे. त्यात म्हातारपणीही झकाउल्ला कॉलेजातल्या रसायनाच्या प्रयोगांची आठवण किती उत्साहाने काढत, हे येते. पृथ्वी स्थिर आहे की फिरते, यावर त्या वर्गांत वाद झडत आणि जुन्या मताला मुले हसत. आपल्या भाषेत शिकलेली मुले प्रश्न विचारायला घाबरत नाहीत, याचा हा जुना दाखला आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. उर्दूतल्या विज्ञानाचा पहिला मोठा शिक्षक मुसलमान नव्हता. रामचंद्र कायस्थ घरात जन्मले आणि १८५२ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांचे विद्यार्थी मुसलमान होते, हिंदू होते. भाषा कुणा एका धर्माची नसते, हे त्या वर्गात कुणाला सांगावे लागत नव्हते.

१८५७ च्या उठावात या कॉलेजची राखरांगोळी झाली. प्रिन्सिपल टेलर मारले गेले, ग्रंथालय लुटले गेले. १८६४ मध्ये कॉलेज पुन्हा सुरू झाले, पण १८७७ मध्ये बंदच पडले. पंधरा-वीस वर्षांत उभे राहिलेले काम काही दिवसांत गेले.

गाझीपूर, अलीगढ आणि मुंबई

दिल्लीचा धागा सर सय्यद अहमद खान यांनी उचलला. जानेवारी १८६४ मध्ये गाझीपूर येथे त्यांनी ‘सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. त्याच वर्षी त्यांची बदली अलीगढला झाली आणि सोसायटीही तिकडे गेली. इंग्रजीतील उपयुक्त पुस्तके उर्दूत आणणे, विज्ञानावर व्याख्याने ठेवणे, शेतीतल्या नव्या पद्धती करून पाहणे, अशी तिची कामे होती. १८६६ पासून ‘अलीगढ इन्स्टिट्यूट गॅझेट’ निघू लागले. त्यात एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू मजकूर असे. राजा जयकिशनदास यांच्यासारखे हिंदू मित्र या कामात सर सय्यद यांच्या खांद्याला खांदा लावून होते.

पुढे सर सय्यद यांचे मत पालटले. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच घ्यावे लागेल, असे त्यांना वाटू लागले आणि अलीगढचे कॉलेज त्याच वाटेने गेले. त्यावर आजही वाद होतात. आम्हाला त्या वादात शिरायचे नाही. एवढेच म्हणायचे आहे, की कॉलेज वाढले आणि सोसायटी मागे पडली. कॉलेजात जाणारा मुलगा इंग्रजी शिकून पुढे गेला. जो तिथवर पोहोचला नाही, त्याच्या भाषेत विज्ञान आणणारे कुणी उरले नाही.

आपल्या मुंबईतही याच सुमारास काही घडत होते. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखांना ज्ञानप्रसारक म्हणत. सभासद निबंध वाचत, त्यावर चर्चा होई. दादाभाई नवरोजी यांच्यासारखे तरुण त्यात होते. पुढच्याच वर्षी या मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालवलेले विज्ञानाचे मंडळ म्हणून या सोसायटीचे नाव घ्यावे लागेल. पण तिच्यात जे तरुण होते, ते मुख्यतः हिंदू आणि पारशी. मुंबईच्या मुसलमानांची स्वतःची मोठी शैक्षणिक संस्था, अंजुमन-ए-इस्लाम, १८७४ मध्ये निघाली आणि तिची शाळा १८८० मध्ये उघडली. बद्रुद्दीन तय्यबजी, कमरुद्दीन तय्यबजी आणि कोकणी मुसलमानांचे पुढारी नाखुदा मोहम्मद अली रोगे यांनी हे काम केले. १८४८ आणि १८८० यांत बत्तीस वर्षांचे अंतर आहे. म्हणजे एक अख्खी पिढी. संधीचा इतिहास लिहिताना ती कधी आली याइतकेच ती आपल्या दारात किती उशिरा आली, हेही लिहून ठेवले पाहिजे.

औरंगाबादचे ‘सायन्स’

विसाव्या शतकात उर्दूतल्या विज्ञानाचे केंद्र दख्खनमध्ये आले. १९१७ मध्ये हैदराबादला भाषांतराचे खाते, म्हणजे दारुल तर्जुमा, सुरू झाले आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. भौतिकशास्त्र, रसायन, वैद्यक, अभियांत्रिकी असे सगळे विषय हिंदुस्थानी भाषेतून शिकवणारे हे विद्यापीठ. त्यासाठी हजारो पारिभाषिक शब्द घडवावे लागले. मौलवी वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ मध्ये ‘वझ-ए-इस्तिलाहात’ हे पुस्तक लिहून शब्द कसे घडवावेत याचे शास्त्रच मांडले. शायर म्हणून गाजलेले जोश मलिहाबादी हेदेखील काही काळ या खात्यात नोकरीला होते.

आणि आपल्या मराठवाड्याचा याच्याशी थेट संबंध आहे. ‘बाबा-ए-उर्दू’ मौलवी अब्दुल हक औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) राहत होते, तिथल्या कॉलेजचे ते प्राचार्यही होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय त्यांच्यामुळेच औरंगाबादला होते. १९२८ मध्ये अंजुमनने ‘सायन्स’ नावाचे त्रैमासिक सुरू केले. विज्ञानाला वाहिलेले उर्दू नियतकालिक निघत होते ते लखनौहून किंवा लाहोरहून नव्हे, तर पाणचक्की आणि बीबी का मकबरा असलेल्या आपल्या गावातून! अंजुमन १९३८ मध्ये दिल्लीला गेली आणि औरंगाबादचा हा अध्याय संपला. आजच्या औरंगाबादच्या उर्दू शाळांतील किती मुलांना हे माहीत असेल?

मात्र या वैभवाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. निजामाच्या राज्यात उर्दू ही राज्यभाषा होती, पण मराठवाड्यातल्या बहुसंख्य मुलांची भाषा मराठी होती. तेलंगणात ती तेलुगू होती. माध्यमिक शाळेत गेल्यावर या मुलांना उर्दूतून शिकावे लागे. खेड्यातल्या कुणब्याच्या मुलाला भूमितीआधी उर्दू लिपीशी झगडावे लागत होते. म्हणजे जी भाषा एका मुलाला दार उघडून देत होती, तीच शेजारच्या मुलासाठी कडी बनत होती. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, त्यानंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले आणि मोठ्या कष्टाने घडवलेले ते शब्द कपाटात गेले. आपल्याला त्याचे दुःख होते. ते होताना आपण त्या कुणब्याच्या मुलाचेही दुःख समजून घ्यावे. आज उर्दू शाळेतल्या मुलासाठी आपण जो न्याय मागतो, तो त्या मुलालाही मिळायला हवा होता.

नाना चौकातली शाळा

स्वातंत्र्यानंतर विज्ञानाला देशाच्या धोरणात मानाचे स्थान मिळाले. शाळकरी मुलांसाठीही योजना आल्या. १९६३ मध्ये एनसीईआरटीने दिल्लीपुरती एक शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा तीत फक्त १० शिष्यवृत्त्या होत्या. पुढच्याच वर्षी ही राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना देशभर गेली आणि शिष्यवृत्त्या ३५० झाल्या. सुरुवातीला तिच्यात नुसता पेपर नव्हता, विद्यार्थ्याला स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवालही द्यावा लागे. १९७६ नंतर तिचे स्वरूप बदलले, इतर विषय आले आणि प्रकल्प गेला. एनटीएस या नावाने ती पुढे घराघरांत पोहोचली.

संग्रहालयेही बदलली. काचेच्या कपाटाला हात लावू नका, असे सांगणारी जुनी संग्रहालये मागे पडून हात लावा, फिरवा, पाहा, असे सांगणारी विज्ञान केंद्रे आली. कलकत्त्याच्या बिर्ला संग्रहालयाने १९६५ मध्ये बसमधून फिरते प्रदर्शन खेड्यांत नेले. मुंबईत वरळीला १९७७ मध्ये नेहरू तारांगण सुरू झाले. शेजारच्या नेहरू विज्ञान केंद्राचे विज्ञान उद्यान १९७९ मध्ये, आंतरराष्ट्रीय बालक वर्षात उघडले आणि पूर्ण केंद्र १९८५ मध्ये. सहलीला गेलेल्या मुलांना तिथून बाहेर काढताना शिक्षकांची दमछाक होते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

पण आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना १९७४ ची आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्या वर्षी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. देशातल्या मोठ्या संशोधन संस्थेचे हे केंद्र सुरू कुठे झाले? मुंबईत नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत. डॉ. वि. गो. कुळकर्णी हे त्याचे पहिले संचालक. प्रा. भा. मा. उदगावकर यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यामागे उभे होते. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत जाऊन या मंडळींनी काम केले. १९८० च्या सुमारास त्यांनी महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांना हाताशी घेतले. ही मुले झोपडपट्टीतली, घरात शिकलेले कुणी नाही अशी होती. त्यांची बुद्धी कमी आहे, की आणखी काही आडवे येते, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या प्रश्नासारखा हाती घेतला.

जे उत्तर मिळाले, ते प्रत्येक शिक्षकाने भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. मुलांच्या बुद्धीत उणे नव्हते, पुस्तकाची भाषा आडवी येत होती. ही पुस्तके मराठीच होती, मुलेही मराठीच होती. तरीही पुस्तकातली संस्कृतप्रचुर, लांबलचक वाक्यांची मराठी आणि मुलाच्या चाळीतली मराठी यांत मोठी दरी होती. तोच धडा सोप्या भाषेत लिहून दिला, तेव्हा मुलांना तो समजू लागला. कुळकर्णी आणि त्यांचे सहकारी गंभीर यांनी १९८१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. भाषा म्हणजे नुसते माध्यम नव्हे, मराठी-उर्दू-इंग्रजी एवढा सरळ तो प्रश्न नाही. एकाच माध्यमाच्या आतही एक भिंत असते.

उर्दू शाळेत ही भिंत अधिक जाड असते. वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, या क्रियेला उर्दू पुस्तकात ‘झियाई तालीफ’ म्हणतात. मराठीत तेच प्रकाशसंश्लेषण आणि अकरावीत गेल्यावर फोटोसिंथेसिस. घनता ही उर्दूत ‘कसाफत’, मराठीत घनता आणि पुढे डेन्सिटी. हैदराबादच्या विद्वानांनी अरबी-फारसीतून घडवलेले शब्द घरी दख्खनी किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाला तितकेच परके आहेत, जितके प्रकाशसंश्लेषण खेड्यातल्या मराठी मुलाला. फरक एवढाच, की त्याला एकाच वस्तूची तीन नावे शिकावी लागतात आणि कुठल्या दारात कुठले नाव चालेल, हे त्याला कुणी सांगत नाही.

उघडी दारे

गेल्या काही दशकांत दारे पुष्कळ उघडली. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ मध्ये डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असलेल्या या स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत असते. १९९३ मध्ये राष्ट्रीय बालविज्ञान परिषद देशभर सुरू झाली. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातला एखादा प्रश्न निवडायचा, मोजमाप करायचे आणि निष्कर्ष मांडायचा, असे तिचे स्वरूप. यासाठी महागडी साधने लागत नाहीत आणि भारतीय भाषांतून प्रकल्प मांडता येतो. १९९४ मध्ये दिल्लीहून डॉ. मोहम्मद अस्लम परवेझ यांनी ‘सायन्स’ हे उर्दू मासिक सुरू केले. औरंगाबादच्या त्रैमासिकाशी नावाचे नाते सांगणारे हे मासिक उर्दू शाळांना मोठा आधार ठरले.

२००८ मध्ये केंद्राची इन्स्पायर योजना आली. २०१६ पासून तिच्या ‘मानक’ या रूपात शाळेने मुलांच्या नव्या कल्पना पाठवायच्या असतात आणि निवडलेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याला १०,००० रुपये मिळतात. कल्पना कोणत्याही भारतीय भाषेत पाठवता येते. त्याच वर्षी अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या. निवड झालेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळून संवेदक, छोटे यंत्रमानव, त्रिमिती छपाई यंत्र अशी साधने मुलांच्या हाती येतात. काही दारे मिटलीही. एनटीएस परीक्षा २०२१ नंतर थांबवली गेली. अकरावीपासूनच्या विद्यार्थ्यांसाठी १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली. म्हणून कोणती योजना चालू आहे आणि कोणती नाही, याची खबर ठेवणे हेही शिक्षकाचे काम झाले आहे.

दार उघडे असले, तरी उंबरठा असतोच. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या मुलांच्या एका गटाने बालविज्ञान परिषदेसाठी मशिदीच्या वुजूखान्यातील गळक्या नळांचा अभ्यास केला. साधने म्हणजे खोकल्याच्या औषधाबरोबर मिळते ते मापाचे झाकण आणि भिंतीवरचे घड्याळ. वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, असे त्यांनी आधी मोजून घेतले. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे ४ लिटरहून जास्त पाणी वाया घालवतो, हे त्यांनी गणिताने काढले. मग सगळे नळ मोजले. तक्ता पाहून मुतवल्लीसाहेबांनी त्याच आठवड्यात प्लंबर बोलावून वायसर बदलून घेतले. मुलांनी पुन्हा मोजले आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिले.

जिल्हा पातळीवर अहवाल उर्दूत होता, परीक्षक मराठी भाषक होते. गटाच्या म्होरक्याने ‘कतरा’चा ‘थेंब’ स्वतःच करून घेतला होता, तो शब्द त्याला मोहल्ल्यातल्या मित्रांकडून येत होता. हौदातले पाणी उन्हाने कसे कमी होते, हे तर त्याने छान समजावले. मग त्याला विचारले गेले, “बाष्पीभवन म्हणजे काय?” मुलगा गप्प. त्याला ‘तबखीर’ येत होते, बाष्पीभवन त्याने कधी ऐकलेच नव्हते. दोन मिनिटांपूर्वी त्याने जे समजावून सांगितले, त्याचेच ते नाव होते. परीक्षकांच्या मनात काही वाईट नव्हते. पण त्या क्षणी मुलाचे ज्ञान आणि त्याचे गुण यांच्यामध्ये एक शब्द उभा राहिला.

सच्चर समितीने २००६ मध्ये आकडे मांडले, तेव्हा २००१ च्या जनगणनेनुसार मुसलमानांची साक्षरता ५९.१ टक्के आणि देशाची सरासरी ६५.१ टक्के असल्याचे सर्वांना कळले. त्यावर खूप चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्या एका शब्दापाशी अडलेले मूल कुठल्याही तक्त्यात दिसत नाही. ते साक्षर आहे, शाळेत आहे, हुशारही आहे. तरीही ते बाहेर राहते.

आपले काम

सरकारकडे मागण्या करायच्याच आहेत. उर्दू शाळांत विज्ञानाच्या शिक्षकांची पदे वेळेवर भरली जावीत, स्पर्धांची पत्रके उर्दूतही निघावीत, परीक्षकांबरोबर उर्दू जाणणारे कुणी असावे, या मागण्या वाजवी आहेत. मात्र दिल्लीच्या वर्गापासूनचा इतिहास असे सांगतो, की भाषांतर आधी शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी केले, सरकार नंतर आले.

म्हणून आम्हाला वाटते, की प्रत्येक उर्दू शाळेच्या विज्ञानाच्या वर्गात एक भिंत त्रिभाषिक शब्दांची असावी. झियाई तालीफ, प्रकाशसंश्लेषण, फोटोसिंथेसिस. तबखीर, बाष्पीभवन, इव्हॅपोरेशन. पाचवीपासून रोज एक शब्द लिहिला, तर दहावीपर्यंत हजारभर शब्द सहज होतात. याला निधी लागत नाही, खडू लागतो. शाळेच्या कार्यालयात येणारे प्रत्येक परिपत्रक फाईलला लागण्याआधी वर्गात वाचून दाखवले जावे आणि जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या फलकावर त्याची खबर लागावी. मशिदीचा फलक चंद्रदर्शनाची आणि जनाज्याची खबर देतो, तसा बालविज्ञान परिषदेच्या अंतिम तारखेचीही देऊ शकतो. आणि मुलींना यात पुढे केले जावे. मुंबईच्या त्या विद्यार्थ्यांनी मंडळ काढल्यावर वर्षभरात मुलींच्या शाळा काढल्या होत्या, हे आपण विसरू नये.

आपले माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी त्यांचे शिक्षक शिवसुब्रह्मण्य अय्यर यांच्याविषयी लिहिले आहे. पक्षी कसा उडतो हे फळ्यावर सांगून मुलांना नीट कळले नाही, तेव्हा अय्यर मास्तर सगळा वर्ग रामेश्वरच्या किनाऱ्यावर घेऊन गेले आणि उडणारे पक्षी दाखवून त्यांनी तो धडा पुरा केला. तिथे प्रयोगशाळा नव्हती, अनुदान नव्हते. समुद्र होता, पक्षी होते आणि मुलांना कळेल अशी भाषा बोलणारे मास्तर होते.

नाना चौकातल्या शाळेत सुरू झालेले होमी भाभा केंद्र १९९२ पासून मानखुर्दच्या स्वतःच्या वास्तूत आहे. देशभरातली निवडक मुले ऑलिम्पियाडच्या शिबिरांसाठी तिथे येतात, आणि २०२५ मध्ये खगोलविज्ञानाचे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड मुंबईतच झाले. जगातल्या कितीतरी देशांची मुले त्यासाठी आली. त्याच मानखुर्दला लागून गोवंडी आहे, जिथल्या गल्ल्यांत आपल्या समाजाची हजारो मुले राहतात आणि महापालिकेच्या उर्दू शाळांत शिकतात. दोन्हींमधले अंतर रिक्षाने काही मिनिटांचे आहे. ही वाट कुणी बंद केलेली नाही. पण गोवंडीच्या मुलाला ती वाट आहे हे कळले पाहिजे, तिथली पाटी त्याला वाचता आली पाहिजे आणि त्याच्या हातांनी आधी काहीतरी मोजलेले असले पाहिजे. एवढे काम आपले आहे. ते यंदाच्या वर्षीच, आपापल्या शाळेतल्या एका भिंतीपासून आणि एका गळक्या नळापासून सुरू करता येईल.